किडलेल्या दातावरील उपचार : शस्त्रक्रिया की मूळनलिका-उपचार ?

वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसलेले मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. खालच्या अंगास कण्हेर धरणाचा जलाशय, वरच्या अंगास केळघरचा घाट व त्यापलीकडे महाबळेश्वरचे पठार, तर पश्चिमेच्या डोंगररांगेपल्याड कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली खोऱ्यातील गावे, अशी या तालुक्याची रचना आहे. पावसाळ्यात येथील वाड्यावस्त्यांवरून तालुक्याच्या गावी पोहोचणे हेच एक काम होऊन बसते. मेढ्यास ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्ह्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय तेथून सुमारे २५ किलोमीटरवर साताऱ्यास आहे. दंतवैद्यकाचे शिक्षण देणारी महाविद्यालये मात्र त्याहून लांब, कराड व सांगली येथे आहेत.

अशा तालुक्यात एखाद्याची दाढ रात्रीबेरात्री ठणकू लागली म्हणजे त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ वैद्यकीय नसतो. दात राखावा की काढावा, राखावयाचा तर किती फेऱ्या माराव्या लागतील, त्यात किती दिवसांची मजुरी बुडेल आणि एवढे करून दात टिकेल याची खात्री किती, हे सारे त्यात येते. यांपैकी बऱ्याच प्रश्नांना आज अभ्यासाच्या आधारे उत्तरे देता येतात. गावात सल्ला विचारला जातो तो बहुधा शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि पंचायतीच्या सदस्यांना. त्यांना ही उत्तरे ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रोग जडतो कसा ?

दाताचे बाहेरचे कवच, ज्यास दंतवैद्य एनॅमल म्हणतात, ते मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. त्याच्या आत डेंटिन नावाचा थोडा मऊ थर असतो व त्याच्याही आत, दाताच्या पोकळीत, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. यालाच बोलीभाषेत दाताची ‘नस’ म्हणतात. हा गर मुळातील बारीक नलिकांतून थेट मुळाच्या टोकापर्यंत गेलेला असतो. पुढच्या दातास बहुधा एकच नलिका असते. दाढांना तीन किंवा चारही असतात.

दातात अळी असते व ती दात पोखरते, ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत या रोगास ‘कृमिदंत’ असेच नाव आहे. परंतु दातात अळी नसते. बाजाराच्या दिवशी दातातून अळ्या काढून दाखविणारे असतात, त्यांनी दाखविलेली अळी बाहेरूनच आणलेली असते. अमेरिकन शास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये असे दाखवून दिले की, तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्टमय पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते. कवचास छिद्र पडले म्हणजे जंतू डेंटिनमध्ये व पुढे गरामध्ये शिरतात.

गरापर्यंत जंतू पोहोचले की पुढचा क्रम ठरलेला असतो. प्रथम थंड पाण्याने कळ येते व लगेच थांबते. या अवस्थेत दात स्वच्छ करून सिमेंट भरले की काम भागते. पुढे कळ आली की ती बराच वेळ राहते, गरम चहानेही वाढते आणि रात्री आडवे झाल्यावर ठणका लागतो. ही गर वाचण्यापलीकडे गेल्याची खूण समजली जाते. त्यानंतर एके दिवशी वेदना एकाएकी थांबते. रोग बरा झाला असे वाटते. वस्तुतः गर मेलेला असतो. आता जंतूंना आडकाठी उरत नाही. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, तेथे पू साचतो, हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो.

या साऱ्याचे मूळ जंतू हेच आहे, याचा निर्णायक पुरावा १९६५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने दिला. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दातांना छिद्रे पाडून गर उघडा केला. साध्या उंदरांचा गर मेला व मुळाशी गळवे झाली. ज्या उंदरांना जन्मापासून पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढविले होते, त्यांचा गर मात्र तशाच जखमेनंतरही जिवंत राहिला आणि छिद्रावर नवे कठीण आवरण चढू लागले. यावरून उपचाराचे सूत्र निश्चित झाले : जंतू काढा व पुन्हा शिरू देऊ नका, म्हणजे शरीर आपली दुरुस्ती आपणच करते. शस्त्रक्रिया असो वा शस्त्रक्रियेविना केलेला उपचार असो, दोहोंचा हेतू हाच असतो.

केवळ गोळ्यांनी का भागत नाही ?

दाढ सुजली की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून घेणे हा सर्वत्र रूढ झालेला परिपाठ आहे. सूज ओसरते, माणूस शेतावर जातो आणि दोन महिन्यांनी तीच दाढ पुन्हा सुजते. याचे कारण सोपे आहे. औषध रक्तावाटे पोहोचते. मेलेल्या गरात रक्तप्रवाहच नसतो. तेव्हा नलिकेत दडून बसलेल्या जंतूंपर्यंत औषध जाऊच शकत नाही. विहिरीत मेलेले जनावर पडलेले असताना वरून औषध टाकत राहावे, तसा हा प्रकार होतो.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे. दातावर प्रत्यक्ष उपचार करणे शक्य असेल, तर गराच्या व मुळाच्या बहुतेक विकारांत प्रतिजैविके देऊ नयेत. ताप, अंगात कणकण अशी रोग शरीरात पसरल्याची चिन्हे असतील तेव्हाच ती द्यावीत. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा तोटा वेगळाच. लवंगेच्या तेलाच्या बोळ्याने घटकाभर आराम पडतो, परंतु रोग हटत नाही. दुखऱ्या दाढेशी तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवल्याने तर हिरडीचे नुकसानच होते.

शस्त्रक्रियेविना उपचार

दात न काढता व हिरडी न कापता केला जाणारा मुख्य उपचार म्हणजे मूळनलिका-उपचार, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेले ‘रूट कॅनॉल’. प्रथम दाताचे क्ष-किरण चित्र घेतात. इंजेक्शन देऊन भाग बधिर करतात. यासाठी वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली प्रथम तयार झाले. त्याने दंतवैद्यकातील वेदनेचा प्रश्न बव्हंशी सोडविला. नंतर दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवितात, म्हणजे लाळेतील जंतू आत जात नाहीत. दातास वरून छिद्र पाडून मेलेला गर काढतात आणि अतिशय बारीक कानशींनी नलिका घासून रुंद करतात. मधून मधून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने त्या धुतात. हेच द्रव्य सौम्य प्रमाणात पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी वापरले गेले होते. आवश्यक वाटल्यास कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप आठ-पंधरा दिवस आत ठेवतात.

नलिका स्वच्छ झाल्या की त्या गट्टापर्चाने भरतात. गट्टापर्चा हा मलायाकडील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ होय. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींवर पाण्यापासून रक्षण करण्यासाठी त्याचेच वेष्टन घालीत. पाणी व जंतू यांना शिरकाव न देण्याचा त्याचा गुण दातातही कामास येतो. शेवटी दात वरून पक्का बुजवून, दाढ असल्यास तीवर टोपी बसवितात. हे सारे एका भेटीत होऊ शकते, परंतु बहुधा दोन किंवा तीन भेटी लागतात.

टोपी बसविणे ही चैन आहे असे समजून पुष्कळ रुग्ण वेदना थांबताच पुढच्या भेटीस जात नाहीत. ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. अमेरिकेत एका विमायोजनेतील १४ लक्षांहून अधिक उपचारित दातांची ८ वर्षांची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ९७ टक्के दात शाबूत राहिल्याचे आढळले. परंतु जे दात काढावे लागले, त्यांपैकी ८५ टक्के दातांवर पूर्ण टोपी नव्हती.

पूर्वी केलेला मूळनलिका-उपचार फसला, तर जुने भरण काढून तोच उपचार पुन्हा करता येतो. यास पुनरुपचार म्हणतात. एखादी नलिका पहिल्या वेळी नजरेतून सुटली असेल, भरण अपुरे राहिले असेल किंवा टोपीखालून लाळ झिरपत असेल, तर पुनरुपचाराने दोषाच्या मुळावरच घाव घालता येतो.

शस्त्रक्रियेचे उपचार

शस्त्रक्रियेचे उपचार तीन प्रकारचे आहेत. पहिला, साचलेला पू छेद देऊन बाहेर काढणे. याने ठणका तात्काळ थांबतो, परंतु हा तात्पुरता उपाय आहे. जंतूंचे घर दातात असते व ते तेथेच राहते. म्हणून यानंतर मूळनलिका-उपचार करावा लागतो, नाहीतर दात काढावा लागतो.

दुसरा प्रकार मुळाचे टोक छेदण्याचा. हिरडीचा पदर उचलून, हाडास लहानशी खिडकी पाडून, मुळाच्या टोकाशी असलेली रोगट पेशी खरवडून काढतात. मुळाचे सुमारे ३ मिलिमीटर टोक कापतात, कारण नलिकेच्या बारीक उपशाखा मुख्यतः तेथेच असतात. मग उरलेल्या मुळाचे तोंड खालून बुजवितात. यासाठी आज एमटीए हे द्रव्य वापरतात. अमेरिकेतील महमूद तोराबिनेजाद यांनी ते १९९३ मध्ये प्रथम पुढे आणले. त्याचे घटक इमारतीच्या पोर्टलंड सिमेंटच्या जातीचे असून ओलाव्यातही ते घट्ट होते. मुळाशी सदैव ओल असल्याने हा गुण मोलाचा ठरतो.

तिसरा व सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे दात काढणे. सुश्रुताने सांगितलेल्या शस्त्रांत ‘दंतशंकू’ आहे, इतकी ही विद्या जुनी. विसाव्या शतकाच्या आरंभी तर दात काढण्याची एक लाटच आली होती. विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने १९१० मध्ये माँट्रिअल येथे केलेल्या व्याख्यानानंतर, संधिवातापासून मानसिक विकारांपर्यंत अनेक रोगांचे मूळ किडक्या दातांत असते, असा समज पसरला आणि असंख्य लोकांचे चांगले दातही उपटले गेले. दात काढूनही ते रोग हटत नाहीत, असे पुढील काही दशकांत दिसून आल्यावर हा समज मागे पडला. आपल्याकडे त्याच्या उलट एक समज आहे. वरची दाढ काढली की दृष्टी अधू होते, या भीतीने लोक सडलेली दाढ वर्षानुवर्षे तशीच ठेवतात. दाताचे मज्जातंतू व डोळ्याचा दृष्टितंतू हे वेगळे आहेत. दात काढल्याने दृष्टी जात नाही.

तुलना : आकडे काय सांगतात ?

प्रथमच करावयाच्या मूळनलिका-उपचाराबाबत निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये एक आढावा घेण्यात आला. क्ष-किरण चित्रात मुळाशी रोगाची खूण मुळीच उरता कामा नये, असा कडक निकष लावला असता १०० पैकी ६८ ते ८५ दात यशस्वी ठरले. केवळ दात तोंडात शाबूत आहे की नाही एवढेच पाहिले, तर २ ते १० वर्षांच्या काळात हे प्रमाण ८६ ते ९३ टक्के आढळते. उपचारापूर्वी मुळाशी गळू झालेले नसणे, भरण पोकळीविना असणे, ते मुळाच्या टोकापासून २ मिलिमीटरच्या आत पोहोचणे आणि दात वरून पक्का बुजविलेला असणे, या चार गोष्टींवर यश अवलंबून असते. यांपैकी पहिली रुग्णाच्या हाती आहे : गळू होण्याआधी जाणे.

पहिला उपचार फसल्यावर पुनरुपचार करावा की शस्त्रक्रिया, हा खरा वादाचा मुद्दा. त्यावर २००९ मध्ये झालेला आढावा मोठा उद्बोधक आहे. उपचारानंतर २ ते ४ वर्षांनी पाहता शस्त्रक्रियेचे यश सुमारे ७८ टक्के व पुनरुपचाराचे सुमारे ७१ टक्के होते. ४ ते ६ वर्षांनी पाहता चित्र उलटले. शस्त्रक्रियेचे यश सुमारे ७२ टक्क्यांवर उतरले आणि पुनरुपचाराचे ८३ टक्क्यांवर चढले. शस्त्रक्रियेत रोगट भाग हातानेच काढून टाकला जात असल्याने हाड लवकर भरते. परंतु नलिकेच्या वरच्या भागात जंतू उरले असतील, तर ते कालांतराने पुन्हा डोके वर काढतात. पुनरुपचारात जंतू काढले जातात, पण हाड भरण्याचे काम शरीरावर सोपविलेले असते व ते सावकाश होते.

स्वीडनमध्ये क्विस्ट व राइट यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असेच दिसले. पुढच्या ९५ दातांची चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करून एका गटावर शस्त्रक्रिया व दुसऱ्यावर पुनरुपचार केला गेला. एका वर्षाने शस्त्रक्रियेचा गट पुढे होता; चौथ्या वर्षी दोहोंत फरक उरला नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांना वेदना व सूज अधिक सोसावी लागली आणि त्यांना कामावर रजाही अधिक घ्यावी लागली. मजुरीवर जगणाऱ्यास ही शेवटची बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

तथापि शस्त्रक्रियेचे तंत्रही बदलले आहे. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेचे यश ५९ टक्के, तर सूक्ष्मदर्शक, बारीक हत्यारे व एमटीएसारखी नवी द्रव्ये वापरून केलेल्या शस्त्रक्रियेचे ९४ टक्के, असे २०१० मधील एका आढाव्यात आढळले. म्हणजे ‘शस्त्रक्रिया बरी की वाईट’ या प्रश्नाचे उत्तर ती कोण, कोणत्या साधनांनी करतो यावरही अवलंबून आहे. अशी साधने प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत.

निवड कशी करावी ?

या साऱ्यातून एक साधा क्रम निघतो. गर नुकताच दुखावला असेल, तर दात भरून घ्यावा. गर मेला असेल वा मरणपंथास लागला असेल आणि दाताची भिंत पुरेशी शाबूत असेल, तर मूळनलिका-उपचार करावा. तो फसल्यास, जुन्या भरणात दोष दिसत असेल तर प्रथम पुनरुपचार करावा. भरण निर्दोष असूनही रोग हटत नसेल, नलिकेत घट्ट बसविलेली धातूची कांब काढता येत नसेल, नलिकेत हत्याराचा तुकडा अडकला असेल किंवा रोगट पेशी तपासणीस पाठविणे आवश्यक असेल, तर मुळाचे टोक छेदण्याची शस्त्रक्रिया योग्य ठरते.

दाताच्या जागेचाही विचार करावा लागतो. पुढच्या दातांपर्यंत हत्यार सहज पोहोचते. खालच्या मागील दाढांशी हाड जाड असते व ओठास संवेदना देणारा मज्जातंतू जवळून जातो. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीस भिडलेली असतात. अशा ठिकाणी शस्त्रक्रिया अधिक जपून करावी लागते.

मूळ उभे तडकले असेल, दात हिरडीपर्यंत सडून टोपी धरण्याजोगा उरला नसेल, किंवा आधाराचे हाडच झिजून दात हलत असेल, तर दात काढणे हाच योग्य उपचार होय. त्यात कमीपणा काही नाही. दात काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा, त्या दिवशी जोराने चुळा भरू नयेत आणि तंबाखू, विडी व मिश्री जखम भरेतो टाळावी. तथापि राखता येण्याजोगी दाढ काढण्यापूर्वी पुढचा खर्चही हिशेबात धरला पाहिजे. मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, हाड झिजते व भाकरी चावणे एका बाजूवर येते. काढलेल्या दाढेच्या जागी नवी बसविण्याचा खर्च बहुधा ती राखण्याच्या खर्चाहून कमी नसतो.

मधुमेह, हृदयाच्या झडपेचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास दंतवैद्यास ते आधी सांगावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. गर्भवतीवरही आवश्यक ते दंतोपचार करता येतात व चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ त्यासाठी सोयीचा असतो.

अंतर, फेऱ्या आणि मजुरी

उपचाराचा हा क्रम कागदावर सरळ दिसतो. बामणोली खोऱ्यातील एखाद्या शेतमजुरास मात्र तो तसा पाळता येईलच असे नाही. मूळनलिका-उपचारास तीन भेटी लागल्या तर तीन दिवसांची मजुरी, तीन वेळचे एस.टी.चे भाडे व उपचाराचा खर्च असा बोजा पडतो. दाढ काढणे एका भेटीत होते. म्हणून पुष्कळजण दाढ काढून मोकळे होतात. त्यांना अडाणी म्हणणे बरोबर नाही; त्यांच्यापुरता तो हिशेबच असतो. अर्धवट सोडलेल्या मूळनलिका-उपचारापेक्षा वेळेवर काढलेली दाढ केव्हाही बरी, हेही खरेच आहे.

परंतु या हिशेबातील काही रकमा बदलता येतात. पहिल्या भेटीतच, किती फेऱ्या लागतील, त्या कमी करता येतील काय आणि टोपीसह एकूण खर्च किती, हे रुग्णाने स्पष्ट विचारून घ्यावे. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात प्रथम दाखवावे. गुंतागुंतीचा पुनरुपचार किंवा मुळाची शस्त्रक्रिया लागणार असेल, तर कराड येथील कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय, सांगलीचे भारती विद्यापीठ दंत महाविद्यालय, कवलापूरचे वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय ही जवळची ठिकाणे आहेत. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जरा अधिक जातो, परंतु खर्च सामान्यतः कमी येतो. जावळीतील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबईस असतात. त्यांना तेथील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय व शासकीय दंत महाविद्यालय यांचा लाभ घेता येतो.

उपचार करणारा नोंदणीकृत आहे याची खात्री करणेही जरूर आहे. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नोंदणीविना दंतवैद्यकाचा व्यवसाय करण्यास मनाई केली. नोंदणी नसलेल्या माणसाकडील अस्वच्छ हत्यारांतून कावीळ व एड्स यांसारख्या रोगांचे जंतूही एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

थांबू नये अशी लक्षणे

दाताच्या रोगाने माणूस दगावत नाही, असे समजणे चुकीचे आहे. खालच्या दाढांचा जंतुसंसर्ग जिभेखाली व हनुवटीखाली दोन्ही बाजूंस पसरला, तर श्वासाचा मार्गच बंद होऊ शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले व तिला त्यांचेच नाव मिळाले. तोंड उघडेनासे होणे, गिळता न येणे, जीभ वर उचलली जाणे, आवाज बदलणे, श्वास लागणे, सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे चढणे आणि सोबत ताप येणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच रुग्णास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा वेळी प्रथम जीव वाचविण्यासाठी शस्त्रक्रिया करून पू काढावा लागतो. दाताचा विचार नंतर. सुजलेला गाल शेकत बसणे किंवा गोळ्यांवर दोन दिवस काढणे हे अशा प्रसंगी घातक ठरते.

शाळा व पंचायत यांचे कार्य

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात व किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. ती पडून दुसरी येत नाही. पहिलीच्या वर्गातील मुलांच्या पालकांस एवढे सांगितले, तरी कित्येक दाढा वाचतील. दुधाचा दात किडला म्हणून तो घाईने काढून टाकणेही बरे नव्हे. तो खालून येणाऱ्या दातासाठी जागा राखीत असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शासकीय शाळांना वर्षातून एकदा भेट देतात. तपासावयाच्या विकारांत दातांची कीडही आहे. पथक येते त्या दिवशी मुले हजर असणे व पुढे पाठविण्यास सांगितलेली मुले प्रत्यक्ष रुग्णालयात पोहोचणे, या दोन्ही गोष्टी शाळा व ग्रामपंचायत यांनी पाहाव्यात. मुखाच्या आरोग्याविषयी जागृती करण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये स्वच्छ मुख अभियान हाती घेतले व क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांनी त्याचे सदिच्छादूत होण्याचे मान्य केले. अशा अभियानाचा संदेश वाडीवस्तीवर पोहोचतो तो शेवटी स्थानिक माणसांमुळेच.

पंचायत सदस्यांना आणखी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. एका गावातील चार-पाच रुग्णांना एकाच दिवशी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात नेण्याची व्यवस्था केली, तर वाहनाचा खर्च वाटला जातो आणि उपचार अर्धवट सुटण्याचे प्रमाण घटते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी, वैशाखातच, दुखऱ्या दाढांची तड लावण्याचा प्रघात पडला तर ऐन पावसात डोंगरापल्याडहून सुजलेल्या गालाने येण्याची वेळ थोड्यांवर येईल.

फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, दात घासणे, दोन जेवणांच्या मध्ये गोड न खाणे व मिश्री सोडणे हे या साऱ्या उपचारांहून स्वस्त आहे. परंतु दात किडलाच, तर शस्त्रक्रिया व शस्त्रक्रियेविना उपचार यांतील निवड वेळेच्या हिशेबाने सोपी अथवा अवघड होते. थंड पाण्याची पहिली कळ आली तेव्हा गेलेल्या रुग्णापुढे सर्व मार्ग मोकळे असतात. ठणका थांबल्यावर निर्धास्त झालेल्या रुग्णापुढे ते एकेक करून बंद होत जातात.